साल सुटलं त्यानंतर

मामा,

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही. भेटायला येणारी माणसं ओट्यावर बसतात, पाणी पितात, आणि उठताना बहुतेक सगळे एकच म्हणतात, "वय झालं होतं. चांगलं मरण आलं." मी मान हलवते. चांगलं मरण आलं हे खरंच आहे. पण मरणाच्या आधी काही वर्षं तुम्ही जगण्यापासून किती लांब गेला होतात आणि तिथून माघारी कसे आलात, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. ते तुमच्यासमोर बसून मी कधी बोलले नाही. सुनेनं सासऱ्याशी इतकं बोलायची आपल्यात रीत नाही. म्हणून आता बोलते.

लग्न होऊन मी ताडकळसला आले तेव्हा कितीतरी वर्षं आपण एकमेकांशी सरळ बोललोच नव्हतो. तुम्हाला पाणी हवं असलं की तुम्ही दारात खाकरायचात. मी डोक्यावरचा पदर सारखा करून तांब्या उंबऱ्यापाशी ठेवायचे आणि आत जायचे. बाकीचं सगळं बोलणं आत्याबाईंच्या तोंडून. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. "सुनंला म्हणावं, कालवण लय तिखट झालंय," असं तुम्ही त्यांना सांगायचात, आणि मी चुलीपाशी बसून ऐकत असायचे. त्या हसून म्हणायच्या, "ऐकलंस का गं, का मी परत सांगू?"

मग आत्याबाई गेल्या. माझा नवरा दिगंबर पुण्याला, एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. घरात तुम्ही, मी आणि पोरं. मधलं माणूस गेल्यावर दोघांचं कसं होणार याची मला काळजी होती. पण तुम्ही तिसऱ्या दिवशी शेतात गेलात. दिसायला लागायच्या आत उठायचं, भाकरी बांधून घ्यायची आणि अंधार पडायच्या सुमाराला परत यायचं. बायको गेलेल्या माणसाचं दुःख मला तुमच्या तोंडावर दिसलंच नाही. वाटायचं, पुरुषमाणूस आहे, घट्ट आहे. आज कळतं, तुम्ही तिला शेतात घेऊन जात होतात. जे काही होतं ते बैलांच्या मागं चालत चालत होत होतं.

त्या शेतात तुमची सगळी उमर गेली. मालकांकडं तुम्ही सालगडी. पाडव्याला वर्षाचं बोलून काम धरायचं, पुढच्या पाडव्याला साल संपायचं आणि पुन्हा नवं ठरायचं. दर पाडव्याला तुम्ही सकाळीच न्हाऊन, धुतलेला पटका बांधून ओट्यावर बसायचात. मालकांकडून बोलावणं यायचं. तिथं चहा व्हायचा, हातावर गूळ पडायचा, आणि तुम्ही दुपारपर्यंत परत येऊन आत्याबाईंना म्हणायचात, "ठरलं."

त्या वर्षी बोलावणं आलं नाही. उन्हं कलली तरी तुम्ही बसून होतात. मी दोनदा जेवायला हाक मारली, म्हणजे पोराकरवी मारली. तुम्ही म्हणालात, "येतो." गुढी उतरवायच्या वेळेला मालकांचा मुलगा मोटारसायकलवर आला. चांगला पोरगा आहे तो. आजही माझ्या मनात त्याच्याबद्दल राग नाही. गाडी बंद करून, खाली उतरून, तुमच्या पायाला हात लावून तो म्हणाला, "मामा, बैलं इकली. सगळं टॅक्टरवरच भागायलंय आता. तुमी लय केलंत आमच्यासाठी. आता आराम करा."

तुम्ही म्हणालात, "बरं." मग थोड्या वेळानं विचारलंत, "कुणाला इकली?"

"पेडगावच्या एकाला."

"चारा हाय का त्याच्याकडं?"

"हाय की."

"बरं," तुम्ही पुन्हा म्हणालात आणि जेवायला आत आलात.

पुढं काही दिवस तुम्ही पहाटे उठून शेताकडं जायचात. बांधावर बसायचात आणि ऊन चढलं की यायचात. नंतर ते बंद झालं. मग बाजारच्या दिवशी रहीमचाचांच्या हॉटेलात जाणं बंद झालं. चाचा तुमचे लहानपणापासूनचे दोस्त, बसथांब्याजवळ त्यांचं चहाचं हॉटेल. ते स्वतः घरी आले. "क्या मारोती, मजे हैं तेरे! ना काम, ना धाम, निराधारचा पगार चालू. बादशहा झालास तू." तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडला होतात. हललाही नाहीत. चाचा उगाच थोडं बसले आणि गेले.

आंघोळीला म्हटलं तर "उद्या". भाकरी अर्धी राहायची, मग पाव. रात्रभर तुमच्या बाजेची कुरकुर ऐकू यायची. दिगंबरला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "वय झालं त्यांचं. आराम करू दे." गावातल्या डॉक्टरनी छाती तपासली, सगळं ठीक आहे म्हणाले आणि ताकदीचं औषध दिलं. गल्लीतल्या बायका माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागल्या. म्हातारा वाळत चाललाय म्हणजे सून जेवायला घालत नसणार.

त्या दुपारची गोष्ट मी आजवर कुणाला पूर्ण सांगितली नाही. मी अंगणात हरभरा निवडत बसले होते. पोरं शाळेत. तुम्ही आतून तुमची घोंगडी घेऊन आलात, नवी, आत्याबाईंनी घेतलेली. ती माझ्यापुढं ठेवलीत आणि पहिल्यांदा माझं नाव घेऊन बोललात.

"सविता, ही कुणालातरी देऊन टाक. माझं काय काम हाय आता हिच्याशी."

माझा हात सुपात तसाच राहिला. आमच्या गल्लीत बीपी तपासायला येणाऱ्या आशाताई एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या की माणूस असं बोलायला लागलं तर घाबरून गप्प बसू नये, त्याला सरळ विचारावं. विचारल्यानं काही वाईट होत नाही. पण सासऱ्याला कसं विचारायचं? माझा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता. मी तो तसाच राहू दिला.

"मामा, जीव द्यावा असं येतं का मनात?"

तुम्ही घोंगडीची घडी सारखी केलीत. मग म्हणालात, "येतं की. रोज येतं." अगदी साध्या आवाजात, जणू मी विचारलं होतं की बाजारात वांगी आलीत का. "सकाळ झाली की वाटतं, झाली कशाला. तुज्यावर भार हाय, पोरावर भार हाय. बैलं इकली तसं माणसाला इकता येत न्हाई, म्हणून पडून हाय."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. मी सूप तुमच्याकडं सरकवलं. "मग आज माझ्यासंगं बसा. एवढा हरभरा निवडू लागा."

तुम्ही बसलात. तुमच्या बोटांना खडे सापडत होते, नजरेला सापडत नव्हते. उन्हं भिंतीवरून उतरेपर्यंत आपण दोघं निवडत होतो. मी दिगंबरला फोन केला आणि काय झालं ते सांगितलं. तो दुसऱ्याच दिवशी आला. दारात बूट काढता काढता म्हणाला, "मला वाटलं म्हातारपण हाय नुसतं." तो होता तेवढे दिवस तुमच्याजवळच झोपला. तुम्हाला एकटं सोडायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं.

परभणीच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात हे आशाताईंनी सांगितलं होतं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही भडकलात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुमचा आवाज मोठा झाला.

"मला काय येड लागलंय का? गावात तोंड दाखवायला जागा ठेवायची का न्हाई?"

"मोतीबिंदू झाला तवा गेलतात की परभणीला," मी आतूनच म्हणाले. "तवा डोळा येडा झालता का तुमचा?"

दिगंबरनं माझ्याकडं डोळे मोठे करून बघितलं. तुम्ही उठून ओट्यावर गेलात. संध्याकाळी म्हणालात, "गावात सांगायचं डोळ्यासाठीच चाललोय म्हणून. कबूल असंल तर येतो." मी लगेच कबूल केलं.

दिगंबरची सुट्टी संपली होती, म्हणून तुमच्यासोबत मी निघाले. बसमध्ये एकच बाक रिकामा होता. आपण दोघं क्षणभर उभेच राहिलो. सासरा आणि सून एका बाकावर! मागचा माणूस ओरडला, "अहो बसा की, का पावण्याची वाट बघायलाव?" तुम्ही खिडकीकडं सरकलात आणि मी टोकाला टेकले. सगळा रस्ता तुम्ही बाहेर बघत होतात. कुठं कुणाचं औत चाललेलं दिसलं की तुमची मान मागं वळायची.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून लहान दिसत होत्या. झोप विचारली, भूक विचारली. तुम्ही "हाय, बरं हाय" एवढंच म्हणत होतात. मग त्यांनी विचारलं, "बाबा, तुम्हाला आवडायचं काय?"

"बैलं."

"नावं काय त्यांची?"

"हौश्या आन् पाखऱ्या," तुम्ही म्हणालात, आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आत्याबाई गेल्या तेव्हा आलं नव्हतं ते सगळं आलं. डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. बाहेर माणसांची रांग होती, तरी त्या थांबल्या. नंतर म्हणाल्या, "हे म्हातारपण नाही. हा आजार आहे आणि याला औषध आहे. पण लगेच फरक दिसणार नाही, सोडू नका."

तेव्हा तुम्ही पटक्याच्या शेवानं डोळे पुसत विचारलंत, "बाई, तुमच्या गोळीनं काम मिळतं का?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही मिळत, बाबा. काम तुम्हालाच बघावं लागेल. पण आत्ता तुम्हाला उठवत नाही ना, तेवढं उठवायला गोळी मदत करेल."

या प्रश्नावरून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, मामा, तुम्ही आजारी होतात. तुम्ही म्हणायचात, "आजारी न्हवतो गं. माजं साल गेलं होतं. साल गेल्यावर मालकाच्या बैलाला गोठा असतो, गड्याला काय असतं?" मी म्हणायचे, मग गोळीनं झोप कशी लागली? तुम्ही म्हणायचात, "झोप लागली, पर उठून जायचं कुठं?" एकदा तर तुम्ही मला सरळ विचारलंत, "काम आन् इज्जत दोन्ही हाती असती तर मी पडलो असतो का? सांग." मी म्हणाले, कामावर असलेली माणसंही पडतात. तुम्ही म्हणालात, "पडत असतील. मी पडलो नसतो." डॉक्टरबाईंचं खरं होतं आणि तुमचंही, असं मला वाटतं. हे तुमच्यापुढं कबूल करायचं राहिलं, कारण कबूल केलं असतं तर तुम्ही गोळ्या बंद केल्या असत्या. केल्याच होत्या ना दोनदा!

बरं वाटायला हळूहळूच लागलं. आधी झोप आली. मग एक दिवस तुम्ही स्वतःहून न्हाणीत पाणी मागितलंत. माझ्या बचतगटातून आपण दोन शेळ्या घेतल्या. तुम्ही नाक मुरडलंत. "बैलं हाकलेला माणूस मी. शेरडं राखू?" आठवडाभर त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पण एकीचं पोट फुगलं तेव्हा तुम्हीच उठलात, तिला फिरवलंत, तिच्या पाठीवर हात फिरवत बसलात. दुसऱ्या दिवशी दोघींना घेऊन ओढ्याकडं गेलात. मग शेजारणीनं तिची शेळी तुमच्यात सोडली, तिचं बघून अजून कुणी. तुम्ही परत सकाळी भाकरी बांधून निघायला लागलात. मी अंगणवाडीत मदतनीस म्हणून अर्ज करायचं म्हणाले तर तुम्हीच दिगंबरला फोनवर बजावलंत, "जाऊ दे तिला. घरचं मी बघतो. गोळ्याबी माज्या मी घेतो, ध्यानात हाय." आपलं बोलणं आता कुणाच्या मध्यस्थीशिवाय होत होतं. माझी भाकरी जाड झाली तर तुम्ही मलाच सांगत होतात.

सगळं मागं पडलं असं नव्हतं. पाडवा आला की दरवर्षी तुम्ही आठ-दहा दिवस गप्प व्हायचात. दोनदा गोळ्या सोडल्यात, दोनदा पुन्हा भिंतीकडं तोंड केलंत आणि पुन्हा आपण त्या बसमध्ये बसलो. दुसऱ्या वेळेला बाकावर बसताना तुम्हीच म्हणालात, "बस की आत, खिडकीपाशी. मला बगून झालंय सगळं."

रहीमचाचांची बायको गेली ते वर्ष मी विसरणार नाही. हॉटेल बंद पडलं. चाचा फळीवर पडून असायचे. त्यांचा मुलगा म्हणायचा, "अब्बा की उमर हो गई." तुम्ही शेळ्या तिकडून न्यायला लागलात. हॉटेलासमोर बसायचात, बोलायचं काहीच नाही. शेळ्यांनी त्यांच्या फुलांच्या कुंड्या खाल्ल्या, तरी चाचा उठले नाहीत. मी अंगणवाडीतून येत होते तेव्हा तुम्हाला बोलताना ऐकलं. रस्त्यावर माणसं होती, आवाज बारीक करायची तुम्ही तसदी घेतली नाहीत.

"रहीम, मी परभणीला डोळ्यासाठी न्हवतो जात. मन आजारी पडलं होतं माजं. मरावं वाटत होतं. तुजंबी तसंच झालंय, मला वळखू येतं. सोमवारी माज्यासंगं चल."

"नक्को रे," चाचा म्हणाले. "मेरेकू क्या हुआ?"

"मलाबी काय झालं न्हवतं," तुम्ही म्हणालात.

सोमवारी तुम्ही त्यांना घेऊन गेलात. मी आले नाही, तुम्हीच नको म्हणालात. संध्याकाळी बसमधून उतरलेले तुम्ही दोघं मला लांबून दिसलात. चाचांची पिशवी तुमच्या हातात होती. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात येऊन रडले. हेही सांगायचं राहिलं. तुम्ही आत हाक मारून विचारलंत, "जेवलीस का?" मी हो म्हणाले.

शेवटचा दिवस बाजारचा होता. चाचांच्या नातीचं, शबानाचं लग्न चार दिवसांवर आलेलं. शेळीचं पिल्लू विकून आलेल्या पैशांतून तुम्ही तिच्यासाठी भांडं आणायला गेलात. दुपारी आलात ते झाकणाचा मोठा स्टीलचा डबा घेऊन. भांडेवाल्याकडून त्याच्यावर नाव टाकून घेतलं होतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. त्या बारीक टिंबांवरून तुम्ही बोट फिरवलंत आणि डबा माझ्याकडं केलात.

"बरोबर टाकलंय का बघ. त्यानं घाईत टाकलंय."

"बरोबर हाय, मामा."

"मग ठीक. चहा ठेव."

मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. डोळे मिटलेले. मला वाटलं, डुलकी लागली.

चाचा आले, तुमच्या पायाशी बसले. दिगंबर पुण्याहून येईपर्यंत ते हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते दिगंबरला म्हणाले की लग्न पुढं ढकलतो. मी आतून सांगितलं, ढकलू नका. मामांना चालायचं नाही.

लग्नाच्या दिवशी मी डबा घेऊन निघाले तर शेजारीण दारात आडवी आली. "सूतक हाय अजून. लग्नघरी जायलीस?" मी म्हणाले, जेवणार नाही, बसणार नाही, देऊन येते. माझ्या हातातली पिशवी दिगंबरनं घेतली आणि बरोबर चालायला लागला. चाचांच्या घरी बायका शबानाभोवती बसल्या होत्या. तिच्या आईनं डबा हातात घेऊन विचारलं, "किसकी तरफ से है ये?"

सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. मी ते कधी घेतलं नव्हतं. दवाखान्यातसुद्धा खिडकीवर तुमचं आधारकार्ड पुढं करायचे. त्या दिवशी मी डबा उजेडाकडं धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "मारोती ग्यानोबा, ताडकळस."

शबानानं ओढणीनं डबा पुसला आणि न्यायच्या सामानात वर ठेवला. ती आता सेलूला नांदते आहे. परवा चाचा सांगत होते, तिनं त्यात ज्वारीचं पीठ भरलंय.